साखरेचें ऋण आणि चिनी भेळ

खाद्यपदार्थांचा इतिहास आमच्याकडे इतिहास म्हणून गणला जात नाहीं. राजांच्या वंशावळी, लढायांच्या तिथी व तहांचीं कलमें यांस जी प्रतिष्ठा आहे, ती चुलीवरच्या भांड्यास कोणी देत नाहीं. तथापि दोन राष्ट्रांचा संबंध तहनाम्यापेक्षां जेवणाच्या ताटांत पुष्कळ वेळां अधिक स्पष्ट दिसतो. कारण तह मोडतात, परंतु जिभेला एकदां लागलेली चव सहसा सुटत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही असाच एक क्षुल्लक वाटणारा पदार्थ विचारासाठीं घेतला आहे. तो म्हणजे चिनी भेळ. लोकांच्या तोंडीं 'चायनीज भेळ'.

ही भेळ मुंबईच्या बाजूची. आम्ही ती पाहतों ती पनवेलास. पनवेल हें पूर्वापार वाटेवरचें गांव आहे. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां मुंबईचा उतारू होडीनें पनवेलच्या खाडींत येई व येथून घाट चढून पुण्यास जाई. १८५२ सालीं येथें नगरपालिका स्थापन झाली, ती याच भरभराटीच्या दिवसांत. पुढें १८६३ सालीं आगगाडी बोरघाट चढली आणि उतारूंनीं पनवेलकडे पाठ फिरविली. विसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईची लोकल गाडी येथवर आली, २००२ सालीं पुण्याचा द्रुतगति मार्ग शेजारच्या कळंबोलीपासून पुरा झाला, आणि २०१६ सालीं गांवाची महानगरपालिका झाली. अशा ठिकाणीं मुंबईंत जें निपजतें, तें दूर राहत नाहीं. सायंकाळीं रस्त्याच्या कडेला लाल रंगाच्या हातगाड्या उभ्या राहतात. त्यांवर बहुधा एखादा चिनी अजगर रंगविलेला असतो. धडधडत्या शेगडीवर लोखंडी कढई असते. गाडीवाला तळलेल्या कुरकुरीत नूडल्स हातानें चुरडतो, त्यांत बारीक चिरलेला कोबी, गाजर, ढोबळी मिरची व कांद्याची पात घालतो, वर सोया सॉस व लालभडक 'शेजवान' चटणी ओततो आणि ढवळून कागदी बशींत देतो. विद्यार्थी, नोकरदार, लेंकुरवाळ्या स्त्रिया सारे ती आवडीनें खातात.

या पदार्थावर दोन बाजूंनीं टीका होते. परदेश पाहून आलेले गृहस्थ म्हणतात, हें चिनी नव्हेच. कँटनपासून पेकिंगपर्यंत कोणासही विचारा, ही भेळ त्यास ठाऊक नसणार. दुसरा पक्ष स्वदेशाभिमान्यांचा. त्यांस या पदार्थाचें नांवच खुपतें. दोन्ही पक्षांचें म्हणणें वरवर परस्परविरोधी आहे. पण मुळांत दोघांचीही समजूत एकच, कीं प्रत्येक पदार्थाचें एकच जन्मगांव असतें व तेथून तो हालला कीं बाटतो. या समजुतीस इतिहासाचा आधार किती, हें पाहण्यास साखरेइतकें चांगलें उदाहरण नाहीं.

उसाचा रस आटवून त्याचे कोरडे दाणे पाडण्याची विद्या भारताची. आमच्या 'शर्करे'चेंच फारसींत शकर झालें, अरबींत सुक्कर झालें व तेथून युरोपच्या भाषांत तो शब्द पसरला. चीन देशांत ऊस होता; लोक तो चघळीत, त्याचा रस व पाकही करीत. परंतु चांगली दाणेदार साखर त्यांस बाहेरून मिळे. बौद्ध भिक्षु व व्यापारी यांच्या येण्याजाण्यानें तिची चव चिनी दरबारास कळली होती. तांग घराण्याचा सम्राट् तैत्सुंग यानें इ. स. ६४७ मध्यें मगध देशीं माणसें पाठवून साखर करण्याची कृति शिकून घेतली; नंतर यांगचौ येथून ऊस मागवून त्याच कृतीनें साखर करविली. ती रंगानें व चवीनें पश्चिमेकडील साखरेहून सरस उतरली, असें तांग घराण्याच्या अधिकृत इतिहासांत नमूद आहे. परदेशीं चाखलेला पदार्थ घरीं करून पाहावा, ही हौस आजच्या प्रवाशाचीच आहे असें नव्हे. तेराशें वर्षांपूर्वीं ती एका सम्राटासही होती.

या नोंदींत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही, कीं नक्कल मुळाहून चांगली झाली, असें म्हणण्यास चिनी इतिहासकार मुळींच कचरला नाहीं. दुसरी अधिक महत्त्वाची. ही विद्या आपण कोणापासून घेतली, हेंही त्यानें त्याच ठिकाणीं लिहून ठेविलें. स्वतःच्या कौशल्याचा अभिमान व गुरूचें स्मरण या दोहोंस एका वाक्यांत जागा मिळाली.

पुढें चिनी कारागिरांनीं साखर अधिकाधिक पांढरी करण्याच्या युक्त्या काढल्या आणि ती साखर समुद्रमार्गानें आमच्याच देशांत विकावयास येऊं लागली. हिंदींत व बंगालींत साखरेस 'चिनी' म्हणतात, तें यामुळेंच, असें बहुतेक भाषापंडित मानतात. मराठीनें 'साखर' हा जुना शब्द सोडला नाहीं. तेव्हां एकाच जिनसाचें जाणें एका भाषेंत व परत येणें दुसऱ्या भाषेंत नोंदलें गेलें, असें म्हणतां येईल.

केवळ मालच परत आला असें नाहीं, माणसेंही आलीं. वॉरन हेस्टिंग्जच्या कारकीर्दींत, १७८० च्या सुमारास, तोंग अच्यू नांवाच्या चिनी गृहस्थानें कलकत्त्याच्या दक्षिणेस बजबजजवळ हुगळीकांठीं जमीन मिळवून उसाची लागवड केली व साखरेचा कारखाना घातला. कामासाठीं त्यानें आपल्या देशांतून माणसें आणविलीं. मगधांतून गेलेली विद्या अकराशें वर्षांनंतर चिनी हातांनीं गंगेच्याच कांठीं परतली. अच्यू थोड्याच वर्षांत वारला व कारखाना टिकला नाहीं. परंतु त्या जागेस आजही अचिपूर म्हणतात, आणि चिनी नववर्षाच्या सुमारास कलकत्त्याचे चिनी लोक तेथें दर्शनास जातात. हिंदुस्थानांतील अर्वाचीन चिनी वसाहतीचा तो आरंभ होय. पुढें कँटनकडील सुतार, हाक्का जमातीचे चर्मकार व जोडे करणारे, तसेच दांतांचे वैद्य अशीं कुटुंबें कलकत्त्यास येऊन राहिलीं. टेरिटी बाजार व टांगरा हीं त्यांचीं वस्तीचीं ठिकाणें झालीं.

महाराष्ट्रासही चिनी माणूस अपरिचित नव्हता. महाबळेश्वरचें थंड हवेचें ठाणें वसल्यावर मलाक्का-सिंगापूरकडील इंग्रजी वसाहतींतून चिनी व मलायी कैदी तेथील तुरुंगांत आणण्यांत आले. त्यांनीं तेथें बागा केल्या, बटाटे व विलायती भाज्या पिकविल्या, वेताच्या टोपल्या विणल्या. १८६४ सालीं तो तुरुंग बंद झाला. महाबळेश्वरास जाणारे प्रवासी 'चायनामन'च्या नांवाचा धबधबा पाहून येतात. पण हा चिनी मनुष्य कोण, हा प्रश्न फार थोड्यांस पडतो. मुंबईंतही माझगांवास चिनी लोकांचें एक देऊळ आहे. तें १९१९ सालचें. गोदीच्या व जहाजांच्या कामाच्या निमित्तानें आलेल्या लोकांची ती खूण होय.

आतां भेळेच्या अगदीं जवळच्या इतिहासाकडे वळूं. परक्या मुलखांत राहणारा मनुष्य आपला पदार्थ करूं लागला, कीं पहिली अडचण जिनसांची व दुसरी गिऱ्हाइकाच्या जिभेची. अमेरिकेंतील चिनी खाणावळवाल्यांनीं तेथील लोकांसाठीं वेगळे पदार्थ बनविले; कलकत्त्याच्या हाक्का कुटुंबांनीं मिरची, आलें व लसूण यांचा हात सैल सोडला. नेल्सन वाँग हे कलकत्त्यांत जन्मलेले चिनी वंशाचे आचारी. १९७५ सालीं मुंबईच्या क्रिकेट क्लबाच्या भोजनगृहांत एका गिऱ्हाइकानें कांहीं नवें करा म्हटल्यावर त्यांनीं आलें, लसूण व हिरवी मिरची हा आपल्याकडचा नेहमींचा जोड परतला; मात्र गरम मसाल्याऐवजीं त्यांत सोया सॉस घातला व मक्याच्या पिठानें रस दाट केला. मंचूरियांत कोणास ठाऊक नसलेलें 'चिकन मंचूरियन' तें हेंच, अशी हकीगत सांगतात. मोठ्या भोजनगृहांतून हे पदार्थ रस्त्यावरच्या गाड्यांवर आले आणि तेथें त्यांस मुंबईची जुनी भेळ भेटली.

या भेटींत काय झालें, हें बारकाईनें पाहण्याजोगें आहे. भेळेची घडण जशीच्या तशी राहिली: कांहीं कुरकुरीत, कांहीं ओलें, कांहीं कच्चें, व सर्वांवर तिखट-आंबट चटणी. कुरमुऱ्यांच्या व शेवेच्या जागीं तळलेल्या नूडल्स आल्या, कैरीच्या जागीं कोबी आला, एवढेंच. शेजवान चटणीचें नांव सेचुआन प्रांतावरून आलें. त्या प्रांताच्या स्वयंपाकाचें वैशिष्ट्य म्हणजे जीभ बधिर करणारें एक प्रकारचें मिरें; तें आमच्या गाड्यांवरच्या चटणींत मुळींच नसतें. गंमत अशी, कीं त्याच मिऱ्याचें सख्खें भावंड कोंकणांत पिकतें, व आमच्या आगरी, कोळी, मालवणी सुगरणी तें बांगड्याच्या कालवणांत घालतात. त्याचें नांव तिरफळ. वनस्पतिशास्त्रांत दोहोंची जाति एकच. म्हणजे चटणीस चिनी करणारी जी वस्तु ती आमच्या परसांत असून आम्ही ती घातली नाहीं. आणि जी लाल मिरची आम्ही चिनी समजून घातली, ती तर आमची नव्हे आणि चीनचीही नव्हे. ती अमेरिकेची, सोळाव्या शतकांत युरोपीय गलबतांबरोबर आशियांत आली.

नूडल्स तरी आम्हांस कितपत परक्या? गहूं भिजवून, त्याचा चीक काढून, शिजवून, सोऱ्यानें कुरडया घालणें व हातानें शेवया वळणें हीं उन्हाळ्यांतील कामें आमच्या घराघरांत चालत आलीं आहेत. आमच्या घरच्या मंडळींनीं मुलांच्या आग्रहास्तव एकदां बाजारच्या नूडल्सऐवजीं कुरडया तळून त्यांची चिनी भेळ केली. ती उत्तम झाली. आमच्या मातुःश्रींनीं दोन घांस खाल्ले व सुनेस म्हणाल्या, "अगं, भेळ छान झाली आहे, चिंच तेवढी विसरलीस!" आमच्या मतें पदार्थाचें कूळ ठरविण्यास याहून योग्य अभिप्राय मिळणें कठीण आहे.

यावरून आमचा पहिला सिद्धान्त असा, कीं चिनी भेळ ही खोटी चिनी वस्तु नसून खरी महाराष्ट्रीय वस्तु आहे. जशी यांगचौची साखर खोटी मागधी साखर नसून खरी चिनी साखर होती. परंतु येथेंच थांबलों तर अर्धाच इतिहास सांगितल्यासारखें होईल. पदार्थ आमचा झाला. तो आणणारीं माणसें आमचीं झालीं काय?

१९६२ च्या ऑक्टोबरांत चीननें सीमेवर आक्रमण केलें. आपल्या सैन्याचा पराभव झाला व देशांत संतापाची लाट उसळली. तो संताप न्याय्य होता. परंतु त्याची झळ कोणास लागली? आसाम, दार्जिलिंग इत्यादि भागांतील चिनी वंशाच्या सुमारें तीन हजार लोकांस, बायकामुलांसह, घरांतून उचलून राजस्थानांतील देवळी येथील छावणींत डांबण्यांत आलें. त्यांतील पुष्कळांचा जन्म हिंदुस्थानांतच झाला होता. कित्येकांस चिनी लिपी वाचतां येत नव्हती. त्यांच्यावर हेरगिरीचा खटला चालला नाहीं. कांहीं जण १९६७ पर्यंत तेथेंच होते. पुष्कळांस जहाजांतून चीनला पाठविण्यांत आलें. जे सुटले त्यांपैकीं कित्येकांस परत आल्यावर आपलें घर वा दुकान आपलें राहिलें नाहीं, असें आढळलें. मग त्यांनीं कॅनडासारख्या दूर देशांची वाट धरली. कलकत्त्याची चिनी वस्ती यानंतर ओसरत गेली. ज्या काळांत चिनी पदार्थ शहरोशहरीं पसरले, त्याच काळांत ते करणारीं कुटुंबें देश सोडून जात होतीं. दोन राष्ट्रांच्या भांडणांत सरकारास सावध राहावें लागतें, हें आम्हांस मान्य आहे. परंतु दार्जिलिंगच्या एखाद्या जोडे शिवणाऱ्याच्या मुलीस चार वर्षें तारेच्या कुंपणांत ठेवून हिमालयाचें रक्षण कसें झालें, हें कोणीही समजावून सांगितलेलें नाहीं.

हा सर्व जुना इतिहास, असेंही म्हणतां येत नाहीं. २०२० च्या जूनमध्यें गलवान खोऱ्यांत आपले वीस जवान धारातीर्थीं पडले, तेव्हां चिनी पदार्थ विकणाऱ्या भोजनगृहांवर बंदी घालावी, अशी सूचना एका केंद्रीय मंत्र्यांकडून आली. ती अमलांत आली असती, तर पेकिंगमध्यें कोणाचीही एक वेळची चूल थंड झाली नसती. पनवेलसारख्या गांवांतील गाडीवाला, त्यास कोबी पुरविणारा शेतकरी व नूडल्स तळणारें कुटुंब यांच्या पोटावर मात्र पाय आला असता. नांव चीनचें, आणि दंड आपल्याच माणसांस, हा प्रकार १९६२ सालींही झाला होता. फरक इतकाच, कीं तेव्हां त्या माणसांचे चेहरे निराळे होते म्हणून आम्हांस तीं आपलीं वाटलीं नाहींत.

सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ सालीं चीनला गेले व १९४२ सालीं तेथील जखमी सैनिकांची सेवा करितां करितां वारले. त्यांचें स्मारक चिनी लोकांनीं जपलें आहे. कोणत्याही युद्धानें तें पुसलें नाहीं. याच्या तुलनेनें आमची बाजू लंगडी पडते. तोंग अच्यूचें नांव आमच्या किती पाठ्यपुस्तकांत आहे? महाबळेश्वरास बटाटे लावणाऱ्या कैद्यांची आठवण धबधब्याच्या नांवाबाहेर कोठें आहे? देवळीच्या छावणीविषयीं किती सुशिक्षित घरांत एकदां तरी बोलणें झालें असेल?

तैत्सुंगानें मगधाकडे माणसें पाठविलीं, त्याच्या थोडीं वर्षें आधीं ह्युएनत्संग हा चिनी यात्रेकरू दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यांत, म्हणजे महाराष्ट्रांत येऊन गेला होता. येथील लोकांविषयीं त्यानें जें लिहिलें, त्याचा आम्हां महाराष्ट्रीयांस मोठा अभिमान आहे. हे लोक मानी आहेत, अपकाराचा सूड घेतल्यावांचून राहत नाहींत, असें त्यानें सांगितलें. तो भाग आम्ही सभांतून आवडीनें उद्धृत करितों. परंतु हे लोक उपकारकर्त्याशीं कृतज्ञ असतात, असेंही त्यानें त्याच वर्णनांत म्हटलें आहे. तो भाग खरा करून दाखविणें अजून आमच्या हातीं आहे. त्यासाठीं चिनी भेळ खाण्याचें सोडावें लागत नाहीं. ती कोठून व कोणाच्या हातून आली, एवढें आपल्या मुलांस सांगावें लागतें, आणि त्याबरोबर देवळीचेंही नांव त्यांच्या कानांवर घालावें लागतें.