कापराची काजळी आणि ठिबकची नळी

आरतीचा कापूर विझला की तबकाला काजळी धरते. ती घासून टाकावयाची, एवढेच आम्हांला ठाऊक. परंतु पवईच्या आय.आय.टी.तील महेश्वर शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली कापरापासून फुलरीन, म्हणजे चेंडूच्या आकाराचे कर्बाचे रेणू, मिळविल्याचे जाहीर केले. योगायोग असा की, त्याच वर्षी 17 सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ स्थापन झाले. लातूरही त्याच्याच कक्षेत आले.

पुढे कापराच्या जागी टाकाऊ प्लॅस्टिक आले. पॉलिथिलीन 1933 साली इंग्लंडात अपघातानेच सापडले. त्याच्या एका किलोत 857 ग्रॅम कर्ब आणि 143 ग्रॅम हायड्रोजन असतो. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2020 साली प्लॅस्टिकच्या चुऱ्यात लोहयुक्त उत्प्रेरक मिसळून त्यावर सूक्ष्मलहरी सोडल्या. दीड मिनिटाच्या आत बहुतेक हायड्रोजन सुटा झाला आणि मागे कर्बाच्या अतिसूक्ष्म नलिका उरल्या. या नलिका वीज वाहतात, म्हणून पाण्याचे विघटन करणाऱ्या उत्प्रेरकांना त्या उत्तम आधार देतात. मात्र उत्प्रेरकातले लोह त्यांतच अडकून बसते, ही अडचण आहेच.

आमच्याकडे प्लॅस्टिक केवळ पिशवीतून आले नाही, ते पाण्याच्या टंचाईतूनही आले. एप्रिल 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथील शेतकऱ्याने ठिबकची नळी अंथरली यात नवल ते काय! ती काळी नळी पॉलिथिलीनची. उन्हाने फुटू नये म्हणून तिच्यात दोन-अडीच टक्के काजळी आधीच घातलेली असते. तिला पाणी पोचविणारा मोठा पाइप पुष्कळदा पीव्हीसीचा असतो. त्याच्या वजनात निम्म्याहून अधिक क्लोरीन. तो भट्टीत गेला तर आम्ल सुटते, भट्टी गंजते, उत्प्रेरक निकामी होतो.

मुंबईच्या 2005 च्या महापुरानंतर 2006 चे नियम आले, 2018 साली बंदी आली. दोन्हींचा रोख मुख्यतः पिशवीवर. शेतातल्या जुन्या नळीची वर्गवारी भंगारवाल्याच्या नजरेवरच राहिली. आमच्या मते भट्टीचा विचार नंतरचा. आधी ही निवड हवी. तिला यंत्रही लागत नाही. बादलीभर पाण्यात तुकडे टाकावेत: पॉलिथिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते.