एडीएचडी असलेल्या प्रौढांचा मेंदू : ‘थांब’ म्हणणारी यंत्रणा कशी चालते?



“मेंदूचा एमआरआय काढला की एडीएचडी कळतो का?” हा प्रश्न मला बरेचदा विचारला जातो. स्कॅनला काही हजार रुपये लागतात, म्हणून उत्तर आधीच देतो : नाही, कळत नाही. माझं स्वतःचं निदान पस्तिशीत झालं, तेही स्कॅनशिवाय. मग या मेंदूत नेमकं वेगळं काय असतं? चला, समजून घेऊया.

एडीएचडी म्हणजे काय?

लक्ष न टिकणं, अस्वस्थ चुळबुळ आणि उतावळेपणा ही याची तीन मुख्य लक्षणं. सुरुवात लहानपणीच होते. मोठेपणी धावपळ कमी होते, पण उतावळेपणा अनेकांमध्ये उरतो. समोरच्याचं बोलणं मध्येच तोडणं, रागाच्या भरात मेसेज पाठवणं, ऑफर दिसली की लगेच पैसे भरून मोकळं होणं. घरचे याला ‘बेशिस्त’ म्हणतात.

‘थांब’ कोण म्हणतं?

संशोधक यासाठी एक सोपी चाचणी वापरतात. तिची पद्धत लोगन आणि कोवन यांनी १९८४ मध्ये मांडली. स्क्रीनवर बाण दिसला की बटण दाबायचं. पण मध्येच बीप वाजला तर हात आवरायचा. निरोगी प्रौढाला हात आवरायला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. एडीएचडी असलेल्यांना सरासरीने थोडा जास्त वेळ लागतो.

हे काम मुख्यतः कपाळामागच्या उजव्या भागातून चालतं. तिथून निघालेला संदेश मेंदूच्या आत खोलवर असलेल्या बेसल गँग्लिया नावाच्या केंद्रांकडे जातो आणि हालचाल अडवली जाते. म्हणजे ब्रेक असतो, फक्त तो उशिरा लागतो. तोवर बोट बटणावर गेलेलं असतं.

रचनेत फरक किती?

२००७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की बाकी मुलांत मेंदूच्या बाहेरच्या थराची जाडी साधारण साडेसातव्या वर्षी कमाल होते, तर एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या वर्षी. सर्वात जास्त उशीर कपाळामागच्या भागात होता.

२०१७ मध्ये अनेक देशांतले स्कॅन एकत्र तपासले गेले : १,७१३ जण एडीएचडी असलेले आणि १,५२९ नसलेले. आतली पाच केंद्रं सरासरीने किंचित लहान आढळली. पण हा फरक मुलांत जास्त होता. प्रौढांत तो ठळकपणे दिसला नाही. मुलांतसुद्धा दोन्ही गटांची मापं एकमेकांत मिसळलेली असतात. म्हणूनच एकट्या माणसाचा स्कॅन पाहून ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगता येत नाही.

मग प्रौढांत काय वेगळं?

इथे आकारापेक्षा रसायनाकडे बघावं लागतं. २००९ मध्ये औषध न घेणाऱ्या ५३ प्रौढांची पेट स्कॅनने तपासणी झाली. बक्षिसाची ओढ सांभाळणाऱ्या भागांत डोपामिनशी जोडलेले काही रेणू त्यांच्यात सरासरीने कमी दिसले. त्यामुळे उद्याच्या मोठ्या फायद्यापेक्षा आत्ताचा छोटा फायदा जास्त का खेचतो, हे समजायला मदत होते. मिथाइलफेनिडेट हे औषध डोपामिन पुन्हा पेशीत ओढलं जाणं रोखतं, म्हणजे ते थोडा जास्त वेळ काम करतं. ते फक्त मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यायचं.

आपण काय करू शकतो?

ब्रेक उशिरा लागत असेल, तर कृतीलाच उशीर लावायचा. मी हे वापरतो :

१. शॉपिंग अ‍ॅपमधून सेव्ह केलेलं कार्ड काढून टाकलं. नंबर टाईप करेपर्यंत निम्मी इच्छा मावळते.
२. यूपीआय अ‍ॅप होम स्क्रीनवर ठेवत नाही.
३. रागाचा मेसेज आधी नोट्समध्ये लिहितो, दुसऱ्या दिवशी वाचतो.
४. ऑफरची नोटिफिकेशन्स बंद.

निदानासाठी मात्र मानसोपचारतज्ज्ञांकडेच जा. ते सविस्तर बोलून, लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून होती का ते तपासतात. शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं किंवा आईवडिलांच्या आठवणी तिथे एमआरआयपेक्षा जास्त उपयोगी पडतात. घरात कोणाला ‘जरा धीर धर की’ असं रोज ऐकावं लागत असेल, तर हा लेख त्यांना आणि ऐकवणाऱ्यालाही नक्की पाठवा.