उबवणी केंद्र आणि उंदराचं औषध

मागच्या सुट्टीत नात आली होती. तिच्या कॉलेजात म्हणे ‘इन्क्युबेशन सेंटर’ आहे. आमच्या पिढीला उबवणी केंद्र म्हटलं की कोंबडीची पिल्लं आठवतात (हसू नका!). इथे कल्पना उबवतात. जागा, सल्ला, थोडं भांडवल मिळतं आणि प्रयोगशाळेतला शोध घेऊन मुलं कंपनी काढतात. आयआयटी मुंबईत असं केंद्र २००४ पासून आहे. पण विद्यापीठात लागलेल्या शोधाचा पैसा कुणाचा, हा वाद फार जुना. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनची आहे. हे राज्य दुधा-लोण्याचं.

तिथल्या विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक नावाचे प्राध्यापक होते. १८९० साली त्यांनी दुधातलं फॅट मोजायची सोपी रीत काढली. दुधात गंधकाम्ल घालायचं, बाटली यंत्रात गरगर फिरवायची, की स्निग्धांश वर खुणांच्या मानेत येतो. दुधात पाणी घालणाऱ्यांची पंचाईत झाली. बॅबकॉकांनी पेटंट घेतलं नाही, रीत सगळ्यांना फुकट दिली. शिक्षकाने असंच वागावं, असं आपल्याला वाटतं ना? मलाही वाटायचं.

त्याच विद्यापीठात पुढे हॅरी स्टीनबॉक आले, शेतकऱ्याच्या घरातले. १९२३ च्या सुमारास त्यांना आढळलं की अतिनील किरण पाडले की खाण्याच्या पदार्थात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होतं. तेव्हा मुडदूस हा घरोघरचा रोग. पाय वाकलेली मुलं आम्ही लहानपणी आपल्याकडेही पाहिली आहेत. त्यावर इतका स्वस्त उपाय! क्वेकर ओट्स कंपनीने म्हणे दहा लाख डॉलर देऊ केले. स्टीनबॉकनी नाही म्हटलं. आणि शोध फुकटही सोडला नाही, कारण मोकळा सोडला तर कुणीही भलतंसलतं काही ‘किरण पाडलेलं’ म्हणून विकेल. पदरचे ३०० डॉलर खर्चून पेटंटचा अर्ज केला आणि पेटंट विद्यापीठाला द्यायला निघाले. कारभारी मंडळ कचरलं. ज्ञानमंदिरात दुकान कसं मांडायचं!

मग १९२५ साली नऊ माजी विद्यार्थ्यांनी प्रत्येकी १०० डॉलर घातले आणि विद्यापीठाबाहेर एक वेगळी संस्था काढली. तिचं आद्याक्षरी नाव ‘वॉर्फ’. पेटंट संस्थेकडे, परवाने कंपन्यांना, आणि येणारा पैसा पुन्हा संशोधनाला. पहिला परवाना क्वेकर ओट्सलाच गेला, पण विद्यापीठाच्या अटींवर. १९२८ साली विद्यापीठाला पहिलं अनुदान दिलं ते अवघं १,२०० डॉलरचं. पुढे मंदीच्या वर्षांत याच पैशावर कित्येक तरुण संशोधक टिकले.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण मार्गारीनवाल्यांना वॉर्फने परवाना दिला नाही. का, तर राज्यातल्या लोण्याचा धंदा बसेल. मार्गारीन खाणारा कोण? ज्याला लोणी परवडत नाही तो. म्हणजे मुडदूस ज्या घरात जास्त, त्याच घराला औषध नाकारलं. मला हे अजिबात पटत नाही, संस्था कितीही चांगली असो. १९४० च्या दशकात कोर्टाने ही पेटंटं रद्द ठरवली आणि निकालात नेमकं याच गोष्टीवर बोट ठेवलं. १९४६ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली.

तरी रीत पसरलीच. सरकारी पैशातून लागलेल्या शोधाची मालकी विद्यापीठांना ठेवता यावी, हा अमेरिकेतला बाय-डोल कायदा १९८० सालचा. तो घडवण्यात वॉर्फचे वकील हॉवर्ड ब्रेमर यांचा मोठा हात होता. आजची स्टार्टअपची लाट बरीचशी त्या कायद्यावर उभी आहे. विस्कॉन्सिनच्याच जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणातल्या मूलपेशी पहिल्यांदा वेगळ्या काढल्या. २००४ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कंपनी काढली आणि २०१५ मध्ये ती जपानच्या फुजीफिल्मने विकत घेतली, तीस कोटी डॉलरच्या वर.

जाता जाता उंदराचं सांगायचं राहिलं. १९३३ च्या हिवाळ्यात बर्फाच्या वादळातून एक शेतकरी मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त आणि सडका चारा घेऊन कार्ल लिंक या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत येऊन उभा राहिला. त्या चाऱ्यातलं विष शोधायला लिंक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षं लागली. खर्च वॉर्फने उचलला. १९४८ मध्ये त्यातून उंदीर मारायचं औषध बाजारात आलं आणि संस्थेच्या नावावरून त्याला नाव मिळालं वॉरफॅरिन. १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा रक्त पातळ ठेवायला तेच दिलं. आमच्या वयाच्या अनेकांच्या गोळ्यांच्या डब्यात ते असतं. आमच्या शेजारच्या काकू त्याला अजून ‘ती उंदराची गोळी’च म्हणतात, आणि न चुकता घेतात.