एका दिवसाची टोपी

दोस्तांनो, २५ डिसेंबर म्हटलं की आपल्याला महाड आठवतं. १९२७ साली त्या दिवशी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तिथं मनुस्मृती जाळली. जगाला आठवतो नाताळ. मी या तारखेच्या बुडाशी जरा खणून पाहिलं.

बायबलात येशूच्या जन्माची तारीख नाही. २५ डिसेंबरचा जुना दाखला मिळतो तो इ. स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात. त्याच्याही कितीतरी आधीपासून रोमन लोक १७ डिसेंबरला सॅटर्न देवाचा सण सुरू करत. सॅटर्नच्या राज्यात म्हणे कुणी गुलाम नव्हता. म्हणून सणात मालक गुलामांना पंगतीला घ्यायचे, कुठं कुठं त्यांना आधी वाढायचे. एरवी सुटका झालेल्या गुलामाची जी टोपी, ती त्या दिवसांत सगळेच घालायचे. नाताळ सरळ यातूनच निघाला असं मी छातीठोक सांगत नाही. पण भेटी, मेजवान्या, दिवस, सगळं आसपासचंच.

सण सरला की टोपी उतरायची. गुलाम पुन्हा गुलाम. म्हंजे टोपी घातली ती खरीच!

अमेरिकेत तेच. गुलामीतून पळालेला फ्रेडरिक डग्लस १८४५ च्या आत्मचरित्रात सांगतो, नाताळ ते नववर्ष सुट्टी द्यायची, दारू पाजायची. बॉयलर फुटू नये म्हणून वाफेची झडप असते ना, तशी.

गोष्टींतही हेच उतरतं. सी. एस. लुईसच्या १९५० च्या नार्नियाच्या कादंबरीत रोमचे जुने वनदेव जंगलात फिरतात. चेटकिणीनं अडवलेला नाताळ शेवटी येतो. नाताळबाबा पुढं राजा होणाऱ्या पोराला तलवार देतो, आणि राबणाऱ्या बीव्हरबाईला शिलाई मशीन! उलटी पंगत तेवढी गाळली.

आपल्याकडं बळीराजाचं काय झालं? पाताळात घातला, आणि वर्षाला एक पाडवा ठेवला. जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त ही कथा उलटून वाचली, आणि पुस्तक अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. त्यांना दोन्हीकडची साखळी एकच दिसली होती.

म्हणून सणाच्या मुळाशी गुलाम सापडला म्हणून नुसतं खूश होऊ नका. त्या पंगतीनंतर दुसऱ्या दिवशी त्याची भांडी कोण घासत होतं, तेही विचारा. महाडला आपल्या माणसांनी चवदार तळ्याचं पाणी सणापुरतं मागितलं नव्हतं. रोजचं मागितलं होतं.