पाण्यातली विक्रांत, वाळूवरची कुरसुरा

३ नोव्हेंबर १९६१ रोजी आयएनएस विक्रांत पहिल्यांदा मुंबईत आली, तेव्हा तिच्या स्वागताला खुद्द पंतप्रधान नेहरू हजर होते. भारताची ही पहिली विमानवाहू नौका मुळात ब्रिटिशांची ‘हर्क्युलीस’. १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, पण तोवर महायुद्ध संपलं आणि बांधणी अर्ध्यावर थांबली. १९५७ मध्ये भारताने ती विकत घेऊन बेलफास्टमध्ये पुरी करून घेतली. १९७१ च्या युद्धात एका बॉयलरला तडे गेलेले असतानाही ती बंगालच्या उपसागरात उतरली. तिच्यावरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बझार, चितगाव, खुलना झोडपून काढलं.

३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. तिचं संग्रहालय करायचं ठरलं आणि २००१ मध्ये नौदलाने ती लोकांसाठी खुलीही केली. एरवी दुरूनच दिसणाऱ्या जहाजाच्या धावपट्टीवर आता शाळेची पोरं फिरू लागली.

पण सुमारे दोनशे तेरा मीटर लांबीचं ते धूड अजून खाऱ्या पाण्यातच उभं होतं. इंजिनं थांबली तरी गंज थांबत नाही. पाण्याखालचा पत्रा तपासायचा, खरवडायचा, रंगवायचा, तर एवढं जहाज गोदीत न्यावं लागतं, आणि मुंबईच्या गोदीत चालत्या युद्धनौकांनाच जागा हवी असते. संग्रहालय कायमचं चालवायला राज्य सरकारला भागीदार मिळाला नाही. २०१२ मध्ये नौका लोकांसाठी असुरक्षित ठरली आणि संग्रहालय बंद झालं.

२०१४ च्या जानेवारीत तिचा ऑनलाइन लिलाव झाला. बोली लागली साठ कोटींची. तिला वाचवण्यासाठी झालेली याचिका उच्च न्यायालयात टिकली नाही, सर्वोच्च न्यायालयातही नाही. मे महिन्यात तिला ओढत मुंबईतल्याच दारूखान्याला, जिथे जहाजं तोडतात तिथे, नेलं आणि नोव्हेंबरात तोडकाम सुरू झालं. तिच्या भंगारातलं काही पोलाद बजाजने विकत घेतलं आणि २०१६ मध्ये ते वापरून ‘व्ही’ ही मोटारसायकल बाजारात आणली.

विशाखापट्टणमने वेगळा मार्ग धरला. सोव्हिएत बनावटीची आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी १९६९ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात गस्तीवर होती आणि फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली. तिला समुद्रातून ओढून थेट रामकृष्ण बीचच्या वाळूवर आणलं, काँक्रीटच्या पायावर बसवलं आणि ऑगस्ट २००२ मध्ये लोकांसाठी खुलं केलं. सुमारे ९१ मीटर लांबीच्या त्या नळकांड्यात पाहुणे एका बाजूने शिरतात आणि दुसरीकडून बाहेर पडतात. वाटेत टॉर्पेडोच्या नळ्या, भिंतीला चिकटलेल्या झोपायच्या फळ्या, वाकूनच ओलांडावी लागणारी गोल दारं लागतात. पंचाहत्तरच्या आसपास माणसं इथे महिना-महिना कशी राहत असतील, हे तिथे आपसूक कळतं. माहिती सांगायला निवृत्त नौसैनिक असतात. खारा वारा इथेही आहेच, पण पाण्याखाली गंजणारा भाग उरलेला नाही. दुरुस्ती करायची तर शिडी लावून करता येते.

अर्थात कुरसुराचं वजन दोन हजार टनांच्या घरातलं. विक्रांत तिच्या कितीतरी पट, आणि मुंबईत तिच्यासाठी कोरडी जमीन कुठून आणणार? त्यामुळे आयएनएस विराट ही विमानवाहू नौका २०१७ मध्ये निवृत्त झाली तेव्हा राज्याने पुन्हा समुद्राकडेच पाहिलं. सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय उभारण्याच्या ८५२ कोटींच्या आराखड्याला मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये मंजुरी दिली. तो कागदावरच राहिला. सप्टेंबर २०२० मध्ये विराट तोडकामासाठी गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्याकडे निघाली. तोडकामाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये निकाली काढली, तोवर तिचा सुमारे चाळीस टक्के भाग तुटला होता.

दरम्यान विशाखापट्टणमने कुरसुरासमोरच आणखी एक प्रयोग केला. नौदलाचं टीयू-१४२ हे अजस्र टेहळणी विमान मार्च २०१७ मध्ये निवृत्त झालं आणि त्याच डिसेंबरात त्याच बीचवर त्याचं संग्रहालय सुरू झालं.