नारळी पौर्णिमा आणि ठाण्याची खाडी

श्रावणी पौर्णिमा आपल्या पांढरपेशा घरांत तीन रूपांनी येते. कोठे नवे जानवे घातले जाते, बहीण भावास राखी बांधते, आणि दुपारच्या पानावर केशरी नारळीभात वाढला जातो. परंतु हा नारळ मुळात ज्या पाण्यास अर्पण करावयाचा, त्याचे स्मरण ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील फारच थोड्या घरांत उरले आहे. वस्तुतः ही तिन्ही गावे खाडीकाठची. आणि ज्या सणास आपण पक्वान्नापुरते ओळखतो, तो आपल्या शेजारच्या कोळी बांधवांचा मोठा उत्सव होय. निसर्गाविषयीची कृतज्ञता आबालवृद्धांनी मिळून कशी व्यक्त करावी, याचे याहून जुने उदाहरण या मुलखात शोधूनही सापडणे कठीण.

उल्हास नदी कल्याणवरून, डोंबिवलीच्या उत्तरेने, पश्चिमेस वाहत येते. ठाण्याजवळ पाण्यास दोन वाटा फुटतात: एक घोडबंदरावरून वसईस जाते, दुसरी दक्षिणेस मुंबईच्या बंदराकडे वळते. ही दुसरी वाट म्हणजे ठाण्याची खाडी. या पाण्यानेच ही गावे मोठी केली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासग्रंथात कल्याणचे नाव आहे, आणि कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्या कल्याणच्या व्यापाऱ्यांचे शिलालेख आहेत. ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनेही या बंदराचे वर्णन केले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली, आणि मराठी आरमाराची आरंभीची जहाजबांधणी याच खाडीत झाली. पुढे १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास आणि १ मे १८५४ रोजी कल्याणास आगगाडी पोहोचली. तेव्हापासून गावांचे तोंड रुळांकडे वळले आणि खाडीकडे हळूहळू पाठ झाली.

पाठ फिरवली नाही ती कोळीवाड्यांनी. ठाणे स्थानकापासून अगदी जवळ असलेल्या चेंदणी कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेस आजही मिरवणूक निघते. होड्या रंगवून, पताका लावून सजविल्या जातात. स्त्रिया ठेवणीतील लुगडी व दागिने लेऊन निघतात. मुले वाद्यांच्या तालावर नाचतात. आणि सोनेरी वेष्टनाचा नारळ पाण्यास वाहून, दर्याने आता शांत व्हावे, घरधन्यास सुखरूप परत आणावे, अशी प्रार्थना केली जाते. या उत्सवास निमंत्रणपत्रिका लागत नाही, प्रवेशमूल्य नाही. अवघे कुटुंब त्यात असते.

तथापि या सणाचा गाभा मिरवणुकीत नसून तीपूर्वीच्या दोन महिन्यांत आहे, असे आम्हांस वाटते. ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येचा वारा माजतो, समुद्र खवळतो, आणि याच काळात अनेक जातींचे मासे अंडी घालतात. जुन्या चालीप्रमाणे या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवावयाच्या, जाळी विणावयाची, आणि पौर्णिमेस नारळ दिल्यावाचून समुद्रात जावयाचे नाही. जिवाचे रक्षण आणि माशांच्या बीजाचे रक्षण अशी दोन्ही कार्ये एकाच नियमाने साधली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ सालचा. त्याखाली अलीकडे यांत्रिक नौकांस १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस बंदी असते. तिथी मात्र सरकारी तारखेस बांधलेली नाही. २०२० साली नारळी पौर्णिमा ३ ऑगस्टला आली, तर २०२३ साली अधिक श्रावणामुळे ३० ऑगस्टला. म्हणजे त्या वर्षी चालीने पाळावयाचा संयम कायद्याहून महिनाभर लांबला. १९५० साली देशात वनमहोत्सव सुरू झाला, तो झाडे लावावयास सांगतो. हा जुना उत्सव थांबावयास सांगतो; आणि थांबणे अधिक कठीण.

पण समुद्र बंद ठेवल्याने अर्धेच काम होते. कोळंबीच्या कित्येक जाती अंडी समुद्रात घालतात, आणि त्यांची पिले वाढीसाठी खाडीच्या मचूळ पाण्यात, तिवरांच्या मुळांच्या आश्रयास येतात. खाडी हे त्यांचे पाळणाघर. याच खाडीत आज शहरांचे सांडपाणी येते, कारखान्यांचे पाणी येते, वालधुनीसारखी एके काळची नदी नाल्याच्या कळेने येऊन मिळते. २००५ साली उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस प्रतिबंध केला. २०१५ साली ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले, आणि २०२२ साली तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळाचा, म्हणजे रामसर स्थळाचा, मान मिळाला. ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु गुलाबी पक्ष्यांचे थवे पाहून खाडी निर्मळ झाली असे कोणी समजू नये. रोहितांचे खाद्य जे सूक्ष्म शेवाळ, त्यास सांडपाण्यातील द्रव्ये पोषकच ठरतात. कोळ्याच्या जाळ्यास मात्र त्याच पाण्यात मासा मिळेनासा होतो. एकाच खाडीत पाहुण्यास मेजवानी आणि घरच्यास उपवास, अशी ही स्थिती आहे.

यात आपला वाटा किती, हेही पाहिले पाहिजे. ठाणे व कळवा यांमधील पुलावरून गाडी जाताना खिडकीतून निर्माल्याची पिशवी खाडीत भिरकावणारे हात बहुधा सुशिक्षितांचेच असतात. पिशवी प्लॅस्टिकची असते, आणि तरीही हात जोडले जातात! कोळी नारळ देतो तो स्वतःस दोन महिने आवरून; आपण काहीही न आवरता घरातील नको झालेले पाण्यास देतो आणि त्यास अर्पण म्हणतो. ठाण्यात निर्माल्य गोळा करून त्याचे खत करण्याचे उपक्रम चालतात. त्यांच्या कलशापर्यंत चालत जाणे फारसे कष्टाचे नाही.

म्हणून आमची सूचना इतकीच की, पुढील श्रावणी पौर्णिमेस नारळीभात झाल्यावर मुलांना घेऊन चेंदणीच्या मिरवणुकीस जावे. दोन महिने होड्या का थांबल्या होत्या, तिवरांखाली काय वाढते आणि पाण्याचा वास असा का येतो, हे त्यांना तेथे काठावर उभे राहून सांगावे. मुले प्रश्न विचारतील, आणि त्यांतील काहींची उत्तरे आपल्याच घराच्या मोरीपर्यंत येऊन पोहोचतील. ती टाळू नयेत.