पेढीचे नाव आणि पेढीचा पत्ता

1920 साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक निघू लागले. लोखंडी नांगर आणि कडबा कापण्याची यंत्रे करणाऱ्या कारखान्याला मासिकाची उठाठेव कशाला, असा प्रश्न तेव्हाही कोणी विचारला असेल. शं. वा. किर्लोस्करांनी त्या खटाटोपाचे काय केले हे येथे बसलेल्या मंडळींना सांगावयास नको. कारखान्याची खबर सांगता सांगता ते मराठी घरातले मासिक झाले, आणि 1930 साली ‘स्त्री’ व 1934 साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली.

कारखान्याने आपल्या नावाने, आपल्या जबाबदारीवर लोकांशी बोलावे ही ती कल्पना. आजची कंपनी हेच काम इंटरनेटवर करते. तेथे ती आपल्या नावाचा पत्ता घेते, ज्याला डोमेन नाव म्हणतात, आणि त्या पत्त्यावर ब्लॉग म्हणजे एक चालती रोजनिशी उघडते. काम चार तासांचे असते. परंतु त्या पत्त्यामागचा इतिहास आम्हांला अधिक विचार करण्याजोगा वाटतो.

प्रारंभी असे पत्ते नव्हतेच. अमेरिकेत संगणकांचे पहिले जाळे उभे राहिले तेव्हा जोडलेल्या सर्व संगणकांची नावे एकाच यादीत लिहिलेली असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा विभाग ती यादी सांभाळी. चावडीवरच्या वहीत गावची नोंद असावी, तसा हा कारभार. गाव वाढले तशी वही पुरेनाशी झाली. 1983 साली पॉल मोकापेट्रिस यांनी नवी योजना मांडली. तिच्यानुसार एक वही जाऊन अनेक वह्या झाल्या, आणि प्रत्येकाने आपापल्या वाड्याची नोंद आपण ठेवावी असे ठरले. व्यापारी मंडळींच्या आळीला ‘कॉम’ हे नाव मिळाले. 15 मार्च 1985 रोजी सिंबॉलिक्स या संगणक करणाऱ्या कंपनीने त्या आळीत पहिली पाटी लावली. पुढच्या वर्षी 19 मार्चला एकाच दिवशी आयबीएम आणि सन मायक्रोसिस्टिम्स या दोघींच्या पाट्या लागल्या. यांपैकी सनकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

पाटी लावण्यास तेव्हा पैसा पडत नसे. 1995 साली दोन वर्षांना शंभर डॉलर असा आकार सुरू झाला. येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हे नाव कोणी विकत घेत नाही, मुदतीने घेते. भाडे थकले की पाटी उतरते.

नावाची किंमत कंपन्यांना उशिरा कळली. 1994 साली जोशुआ क्विटनर या पत्रकाराने मॅक्डॉनल्ड्सच्या नावाचा पत्ता सहज स्वतःकडे नोंदवून घेतला. एवढ्या मोठ्या खाणावळीला त्याची शुद्ध नव्हती! कंपनीने एका शाळेला संगणकांसाठी देणगी दिली तेव्हा तो पत्ता त्याने सोडला. आमच्याकडे हा तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयात आला तो 1999 साली. ‘रेडिफ’ या मुंबईच्या कंपनीच्या नावात एका अक्षराचा फेर करून कोणी ‘रॅडिफ’ असा पत्ता घेतला होता. डोमेन नाव हा केवळ पत्ता नव्हे, व्यापारचिन्हाइतकेच संरक्षण त्याला मिळावयास हवे, असे न्यायालयाने म्हटले. 2004 साली सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही तोच मार्ग धरला.

मग एवढी यातायात न करता दुसऱ्याच्या ओसरीवर फुकट बसले तर काय बिघडले? जिओसिटीज या ओसरीवर असंख्य लोकांनी आपली पाने मांडली होती. 1999 मध्ये ती याहूने घेतली, आणि ऑक्टोबर 2009 मध्ये अमेरिकेतले तिचे दार बंद केले. पाने काढून न्या, एवढी सूचना मिळाली. ज्यांनी ती वाचली नाही त्यांची पाने गेली.

आता सनची हकिकत. 2004 साली या कंपनीने आपल्या पत्त्यावर ब्लॉग उघडले आणि कामगारांना, आधी परवानगी न घेता, लिहिण्याची मोकळीक दिली. वरिष्ठ अधिकारी जोनाथन श्वार्ट्झ स्वतः लिहू लागले. 2006 मध्ये ते कंपनीचे मुख्याधिकारी झाले तरी लिहीतच राहिले. अमेरिकेत नियम असा की, महत्त्वाची वार्ता सर्व भागधारकांस एकाच वेळी कळावी. म्हणून कंपन्या ती वृत्तसंस्थांमार्फत देत. श्वार्ट्झ यांनी रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी आयोगास विचारले की, आमच्या पत्त्यावरचे लेखन जगात कोणीही वाचू शकतो, तर ते जाहीर निवेदन का मानू नये? आयोगाचे अध्यक्ष ख्रिस्तोफर कॉक्स यांनी आपले उत्तर त्या ब्लॉगखालीच लिहिले. सरकारी कचेरीचा हा मोकळेपणा पाहून आम्हांला जरा हेवा वाटला. 2008 साली आयोगाने मार्गदर्शन प्रसिद्ध केले: काही अटींवर कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळही जाहीर निवेदनाची जागा ठरू शकते. मुखपत्राला याहून मोठी प्रतिष्ठा कोणती?

पण 27 जानेवारी 2010 रोजी ओरॅकलने सन विकत घेतली. यंत्रांबरोबर, कागदांबरोबर तो 1986 सालचा पत्ताही गेला. ब्लॉग ओरॅकलच्या पत्त्याखाली हलले, आणि कोणते लेख ठेवावयाचे, कोणते काढावयाचे, हा अधिकार खरेदीदाराकडे आला. श्वार्ट्झ यांनी आपल्या निरोपाची वार्ता ट्विटरवर एका हायकूतून दिली आणि पुढचे लेखन वर्डप्रेसच्या जागेत सुरू केले. आपल्या पत्त्यावरून बोलण्याचा हक्क सरकारपाशी मांडणारा मनुष्य शेवटी दुसऱ्याच्या ओसरीवर आला, कारण पाटी त्यांची नव्हती, कंपनीची होती.

‘खबर’ आणि तिची भावंडेही पुढे किर्लोस्करांकडे राहिली नाहीत. तरी अंक टपालात पडला की तो वर्गणीदाराचा होई. कारखान्याने मनात आणले असते तरी कोणाच्या फडताळातला अंक त्याला परत नेता आला नसता. म्हणून त्याचे बांधीव खंड आजही ग्रंथालयात हाती लागतात. ब्लॉगच्या वाचकाला असा अंक मिळत नाही. तो प्रत्येक वेळी मालकाच्या दारी जाऊन वाचतो. 1996 पासून इंटरनेट आर्काइव्ह ही अमेरिकेतील संस्था पानांच्या प्रती काढून ठेवीत आली आहे. सनच्या जुन्या पत्त्यावरची पानेही तिच्या संग्रहात आहेत. त्या प्रती सनने काढल्या नव्हत्या आणि ओरॅकलनेही नव्हेत.